उजवी पाकळी

सरनोबत सरांनी हातातलं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं.

"वाचा वहिनी. मोठ्यानं वाचा."

मी चष्मा पदराने पुसला. "एक मिनिट बावीस."

"बावीस! गेल्या साली राज्यात दुसरी आली ती पोरगी चोवीसला आली हुती. आणि ही आपली, सकाळी सहाला, गार पाण्यात, पोटात एक केळं घालून बावीस देतीया. आता बोला."

मी काय बोलणार! गौतमी दोन्ही कोपरं टँकच्या काठावर टेकून धापा टाकत होती. गॉगल कपाळावर चढवलेला, डोळ्यांभोवती त्याचे लाल वळ. ती माझ्याकडे बघत नव्हती, सरांच्या तोंडाकडे बघत होती.

"पुढच्या शनिवारी पुण्यात संघटनेची राज्य स्पर्धा," सर म्हणाले. "पहिल्या दोघी राष्ट्रीयला. या गटातलं हिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या साली कॉलेजच्या पोरींत टाकतील हिला, मग कुठला नंबर नि काय. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं निघायचं. येणार न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

"बघ गं, आईनं हो म्हटलं," सर गौतमीला म्हणाले. ती पाण्यात गेली आणि बरंच अंतर आतून जाऊन पलीकडे वर आली. खूश झाली की ती असंच करायची.

त्याच दिवशी अकरा वाजता गौतमीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका हेर्लेकर बाईंनी मला बोलावलं. मी त्यांच्याच शाळेत प्राथमिकला शिकवत होते. सहा वर्षं रजेच्या जागेवर काढली होती आणि मला कायम करण्याचा कागद त्या वर्षी त्यांच्या टेबलावर होता. बाई त्या कागदाबद्दल कधी बोलत नसत. मीही विचारत नसे.

"तेंडोलकर बाई, पुढच्या शनिवारी सांगलीला पोहण्याच्या विभागीय शालेय स्पर्धा आहेत. रिलेचा आपला मुलींचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्यातून वर गेलाय. गौतमी शेवटी उतरेल ना?"

पुढचा शनिवार म्हणजे तोच शनिवार. माझ्या लगेच ध्यानात आलं.

"हो," मी म्हणाले.

"आणि मुलींबरोबर बाई-माणूस लागतं. तुम्हीच या."

"हो."

मला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासूनच येत नाही. माहेरी याला गुण मानायचे. आमची मालू कुणाला दुखवत नाही, असं आई चारचौघांत सांगायची, आणि मला त्यात धन्य वाटायचं. माझे नेमही तसेच, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहाटे साडेचारला उठायचं, उठल्यापासून देवापुढे दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, पूजा झाली की एकशे आठ वेळा नाव लिहायचं, गुरुवारी एकभुक्त. हे सगळं उरकून सहाला आम्ही मायलेकी टँकवर. हे तेव्हा गारगोटीला नोकरीला होते, शनिवारी यायचे. घरात आम्ही दोघीच.

संध्याकाळी गौतमीला सांगितलं. ती वरणाला फोडणी देत होती. चमचा तसाच हातात धरून वळली.

"दोघांनाही हो म्हणालीस?"

"एकदम तोंडातून गेलं गं."

"आई! बाईंना उद्या सांगून टाक. मी सांगितलं तर आगाऊपणा होईल. तू तिथं नोकरीला आहेस, तुझं ऐकतील."

"सांगते."

"नक्की?"

"सांगते म्हटलं ना."

मंगळवारी मी बाईंच्या दारापर्यंत गेले. आत कुणी पालक होते. बुधवारी मधल्या सुट्टीत गेले, तेव्हा बाई सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हं, बोला."

"ते... खडू संपलेत."

"खडूंसाठी तुम्ही कशाला आलात? शिपायाला सांगा की."

"हो."

शुक्रवारी पुन्हा गेले. बाईच म्हणाल्या, "बरं झालं आलात, हे बघा," आणि रिलेच्या चार मुलींसाठी शिवून आलेले ट्रॅकसूट दाखवले. पाठीवर शाळेचं नाव होतं. "कसे झालेत?"

"छान झालेत."

घरी रोज एकच प्रश्न. "सांगितलंस?" आणि माझं रोज एकच उत्तर, उद्या. यांना फोन केला, तर म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही दोघी ठरवा." सोमवार गेला, मंगळवार गेला. तिकडे सरांनी गाडीची तिकिटं काढली. बुधवारी संध्याकाळी गौतमीने पुण्याची बॅग भरून दाराशी ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"उद्या शेवटचा दिवस आहे. परवा दुपारी गाडी. मी येऊ का तुझ्याबरोबर बाईंकडे? तू नुसती उभी राहा, मी बोलते."

"नको," मी म्हणाले. "आपण देवाला विचारू."

"देवाला कशाला? बाईंना विचार की."

"एवढी मोठी गोष्ट आहे गौतू. कौल लावू. देव देईल ते दोघींनी मानायचं."

आमच्या घरी कौलाच्या पुढे कुणी जात नाही. सासरचं मूळ गाव कुडाळकडचं. तिथं देवळात गुरव रवळनाथाला कौल लावतो, आणि कोल्हापुरात आल्यावर सासूबाईंनी घरातल्या पितळी मूर्तीला लावायची पद्धत ठेवली होती. तगरीच्या दोन पाकळ्या नुसत्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. राहिलेली पाकळीही पाणी सुकलं की आपोआप गळते, मग दोन्ही तुळशीत टाकायच्या.

गौतमी नऊ वर्षांची असताना तिचा कान फुटायचा, आणि डॉक्टर म्हणाले होते पोहायला घालू नका. तेव्हा सासूबाईंनीच कौल लावला होता. उजवी पडली. पोरगी पाण्यात उतरली आणि पुढे कानाचं दुखणंही गेलं. त्यामुळे तिचा विश्वास माझ्याहून भाबडा होता. मला वाटतं, खराही होता.

"बरं," ती म्हणाली. "त्यालाच माहीत आहे मी किती पोहते ते."

गुरुवारी पहाटे तीही आंघोळ करून माझ्या शेजारी येऊन बसली. अभिषेक झाला, मी सहाणेवर गंध उगाळून देवाला लावलं. दिवा लागला तसं माझं मौन सुटलं. मग हात धुतले, पाकळ्या घेतल्या, खांद्यांवर ठेवल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा रवळनाथा, लेकीने पुण्याला जायचं असेल तर उजवी दे. जायचं नसेल तर डावी दे."

गौतमीने डोळे मिटले नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून ती मूर्तीकडे बघत होती. सरांची शिट्टी व्हायच्या आधी पाण्याकडे बघायची तशी.

पाच मिनिटं गेली असतील. डावी पाकळी सरकली, थोडी थांबली आणि मूर्तीच्या पायाशी पडली.

गौतमी तशीच बसून राहिली. मग तिने नमस्कार केला, उठली आणि दाराशी ठेवलेली बॅग आत नेली. चेनचा आवाज मला देवघरात ऐकू आला. रडली नाही. बाहेर येऊन म्हणाली, "सरांना मीच सांगते."

संध्याकाळी सर घरी आले. डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीसकट, टँकवरून थेट. खुर्चीच्या कडेवर बसले, पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही.

"वहिनी, मी देव मानणारा माणूस हाय. अंबाबाईच्या दारात गेल्याबिगर मी टँकचं कुलूप काढत न्हाई. पण सहा वर्षं ही पोरगी पाण्यात घासतीया, ते काय पाकळीवर ठरवायचं?"

"देवाचा शब्द आहे, सर."

"देवानं बावीस बघितलं न्हाई का? का त्याच्याकडं घड्याळ न्हाई?"

सर गौतमीकडे वळले.

"तुला काय वाटतंय गं? तू सांग. तुझ्या तोंडानं सांग."

"कौल झालाय सर," ती म्हणाली.

सर उठले. चपला घालताना मला म्हणाले, "शाळेनं अडवलं असतं तर मी बाईंच्या पाया पडलो असतो. आता देवानंच अडवलं म्हणताय. त्याच्याशी कोण भांडणार वहिनी?"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे, मी फुलं घेऊन आले तर गौतमी आधीच देवघरात होती. ट्यूबलाइट लावलेली, दिवा अजून नव्हता. ती मूर्तीवर वाकली होती.

"आई, ही पाकळी अजून इथंच आहे."

उजव्या खांद्यावरची पाकळी कडेने तपकिरी झाली होती, पण पडली नव्हती. गौतमीने नखाने ती हळूच उचलून पाहिली. निघेना. मग जोर दिला तशी अर्धी फाटून तिच्या बोटावर आली. ती बोट उजेडात धरून बघत राहिली. मग तिने ते नाकाशी नेलं.

"आई, ही पडली का नाही?"

दिवा लागला नव्हता. मी बोटाने ओठांकडे खूण केली, मौन आहे म्हणून.

"मान हलव. नुसती मान हलव."

मी तेलाची बुधली घेतली, वात वळायला लागले. ती वात मी किती वेळ वळत होते कोण जाणे. मागे पाहिलं तेव्हा गौतमी निघून गेली होती. दिवा लावला आणि मी मोकळी झाले, पण ती पुन्हा विचारायला आली नाही, आणि मी सांगायला गेले नाही. दुपारी पुण्याची गाडी सुटायच्या वेळेला ती गणिताची वही काढून बसली होती. एकच गणित खोडून पुन्हा पुन्हा सोडवत होती.

शनिवारी शाळेने केलेल्या सुमोतून आम्ही सांगलीला गेलो. हेर्लेकर बाईही आल्या. रिलेच्या चौघी आणि पाचवी आफरीन मुजावर, राखीव. आफरीन नववीत होती. ती सकाळपासून पोहण्याचा पोशाख घालून, टोपी चढवून तयार होती. कुणी ट्रॅकसूट दिला नव्हता, म्हणून पंचा गुंडाळून काठावर बसली होती आणि दर अर्ध्या तासाने मला विचारत होती, "बाई, कुणाचं पोट वगैरे दुखत नाही ना?" बाकीच्या मुली हसायच्या. "अफू, तुझ्या तोंडात काय साखर घालावी!"

रिले दुपारी झाली. पहिल्या तिघींनीच आम्हाला पुढे ठेवलं होतं. गौतमीने उडी घेतली तेव्हा दुसरा संघ चांगला आठ-दहा मीटर मागे असेल. तरी ती अशी पोहली की जणू कुणी पाठीला लागलंय. तोंड वर काढायची तेव्हा मला तिचे दात दिसत होते. भिंतीला हात लागला तेव्हा दुसरी मुलगी अर्ध्या टँकवर होती. पंचाने आपलं घड्याळ शेजारच्या पंचाला दाखवलं.

मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. आफरीन पंचा टाकून नाचत होती. गौतमी शिडीने वर आली आणि मी नेहमीसारखा टॉवेल घेऊन पुढे झाले. तिचे केस पुसायला लागले तेवढ्यात हेर्लेकर बाई आल्या. चेहरा फुललेला.

"शाब्बास गं गौतमी! काय अंतर काढलंस! एवढ्या अंतराने तर आपण आफरीनला उतरवूनही जिंकलो असतो." बाई स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या, मग मला म्हणाल्या, "तेंडोलकर बाई, इथल्या क्लबचा एक शिकवणारा आत्ता कुणाला तरी सांगत होता, हिची आजच पुण्याला राज्य स्पर्धा होती. खरं का?"

"हो," मी म्हणाले.

"अहो, मग सांगायचंत ना! राखीव मुलगी असते कशासाठी? ती पोरगी बिचारी सकाळपासून पंचा नेसून बसलीय. मी आनंदाने सोडलं असतं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

कुणीतरी हाक मारली म्हणून बाई गेल्या. माझे हात टॉवेलवर तसेच राहिले होते. गौतमीने डोकं मागे घेतलं आणि टॉवेल माझ्या हातातून काढून घेतला. स्वतःचे केस स्वतः पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"गंध होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ती माझीच मुलगी, तिचा आवाज चढत नाही. "पाकळीच्या मागे गंध होतं."

गुरुवारी मी हात धुतले होते ते खरं. अनामिका धुतली नव्हती. देवाला गंध लावतो ते बोट. ते उजव्या पाकळीला मागून पुसलं आणि मग ती पाकळी ठेवली. डावी नुसत्या पाण्यावर. मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते करताना माझा हात कापलाही नव्हता. गाऱ्हाणं घालतानाही आवाज नेहमीसारखाच आला. गुरुवारी संध्याकाळी दिवा लावला तो मूर्तीकडे न बघता. म्हणून ती पाकळी राहून गेली.

"बाईंना नाही म्हणायला नको म्हणून," गौतमी म्हणाली.

मी काही बोलले नाही. या वेळी मौनाची वेळ नव्हती.

"मला म्हणायचं होतंस. गौतू, माझी हिंमत नाही, तू सांगलीला चल, असं. मी भांडले असते. दोन दिवस जेवले नसते. पण आले असते गं." तिने टॉवेलची घडी घातली. "मी गुरुवारी रात्रभर देवाची समजूत काढत होते. म्हणत होते, मी रागावलेली नाही तुझ्यावर."

मग ती मुलींमध्ये जाऊन उभी राहिली. फोटोत ती कडेला आहे, तिचा ट्रॅकसूट आफरीनच्या अंगावर आहे.

सोमवारी सरांनी निरोप पाठवला. पुण्याला दुसरी आलेली मुलगी एक पंचवीसला आली होती. गौतमीने निरोप ऐकला, मान हलवली. दहावीच्या परीक्षेपर्यंत ती टँकवर जात राहिली, पण मला बरोबर येऊ दिलं नाही. परीक्षा झाल्यावर तेही थांबलं. सरांनी दोनदा येऊन विचारलं. शेवटी म्हणाले, "पोरगी पाण्याला भ्याली असती तर मी काढलं असतं तिचं भ्या. हिचं काय झालंय ते मला कळंना." ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या जानेवारीत मी कायम झाले.

देवघरात ती नंतरही यायची. नमस्कार करायची, प्रसाद घ्यायची. मला वाटलं विसरली. मग हळूहळू लक्षात आलं की ती मला काही विचारत नाही. बारावीनंतर कुठे जायचं ते तिने फॉर्म भरून झाल्यावर सांगितलं. नाशिकची नोकरी लागली ते रुजू व्हायच्या आदल्या दिवशी. लग्न ठरलं तेव्हा मुलाला घेऊनच आली, यांच्या आणि माझ्या पाया पडली. म्हणाली, "तारीख काढलीय, कळवायला आलोय." काही कमी केलं नाही तिने. दिवाळीला येते, माझ्या गुडघ्यांची औषधं पाठवते, रविवारी न चुकता फोन करते.

कौल मी पुन्हा लावला नाही. बाकीचे नेम चालू आहेत. पूजेला बसते तेव्हा हात दोनदा धुते. त्याने काही होत नाही.

परवा फोन आला तो रविवार नव्हता.

"आई, बुधवारी माझं ऑपरेशन आहे. गाठ आहे छोटी. डॉक्टर म्हणतात साधी आहे. कळवून ठेवते."

मी खाली बसले.

"मी येऊ का गं?"

तिकडे कपबशांचा आवाज येत होता. तिने तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

"ते तुझं तू ठरव," ती म्हणाली.